छप्पर उकलणारे चौघे

शुभवर्तमानात अंग लुळे पडलेल्या दोन रुग्णांची हकिगत आपण वारंवार ऐकतो. पहिला कफर्णहूमचा. दाराशी एवढी दाटी झालेली की आत पाऊल ठेवणे अशक्य. तेव्हा त्याला उचलून आणणारे चौघे जण सरळ घरावर चढले, त्यांनी छप्पर उकलले आणि त्याची बाज प्रभूसमोर खाली सोडली. संत मार्क आवर्जून नमूद करतो की, प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला. दुसरा रुग्ण यरुशलेमच्या बेथेस्दा तळ्याकाठचा. तो ३८ वर्षे आजारी होता. त्याचे दुःख केवळ आजाराचे नव्हते. पाणी हलले की आपल्याला तळ्यात सोडणारे कोणीही नाही, हे त्याने प्रभूला सांगितले.

व्याधी दोघांनाही होती. फरक एवढाच की, एकाला चार माणसे होती आणि दुसऱ्याला एकही नव्हते.

वैद्यकाचा इतिहास वाचताना हा फरक पुन्हा पुन्हा आठवतो. आपण तो सहसा थोर संशोधकांचा व त्यांच्या प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून वाचतो आणि ते रास्तही आहे. परंतु काही रोगांच्या बाबतीत प्रयोगशाळेचे दार उघडले ते वैद्यकाचा गंध नसलेल्या माणसांनी. मल्टिपल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एम. एस., हा अशा रोगांपैकी एक होय. त्याचा सहा शतकांचा प्रवास आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी जाणून घेण्याजोगा आहे.

रोगाचे स्वरूप

घरातील विजेच्या तारेवर जसे रबरी आवरण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. मेंदूकडून निघालेला संदेश हातापायांपर्यंत विनाविलंब पोहोचतो तो या आवरणामुळे. एम. एस. मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जिने बाहेरच्या शत्रूशी लढायचे, तीच मेंदूतील व मज्जारज्जूतील या आवरणावर हल्ला करते. आवरण विरते, त्या जागी कठीण वण पडतात आणि संदेश अडखळतात. ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे काठिण्य. अनेक ठिकाणी असे कठीण वण, म्हणून हे नाव.

वण कोठे पडला यावर लक्षणे ठरतात. एखाद्याला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, एखाद्याला एकाचे दोन दिसतात. कोणाचे पाय बधिर होतात, कोणाचा तोल जातो, कोणाला लघवीवर ताबा राहत नाही. सर्वांत अधिक छळतो तो थकवा, जो बाहेरून कोणाला दिसत नाही. पुष्कळ रुग्णांत हा रोग झटक्याने येतो व काही आठवड्यांत ओसरतो, पुन्हा येतो. काहींच्या बाबतीत तो प्रारंभापासूनच सावकाश वाढत जातो. बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी, विवाह आणि मुलेबाळे यांच्या ऐन दिवसांत तो गाठतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट आहे. तो संसर्गजन्य नाही. जगात आज सुमारे २९ लाख लोक या व्याधीसह जगत आहेत.

शिडॅमची लिडविना

हॉलंडमधील शिडॅम या गावी १३८० साली लिडविना नावाची मुलगी जन्मली. वयाच्या पंधराव्या वर्षी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर सवंगड्यांबरोबर घसरण्याचा खेळ खेळताना ती पडली आणि तिची बरगडी मोडली. त्या दुखण्यातून ती कधीच उठली नाही. हळूहळू चालणे बंद झाले, अंग लुळे पडत गेले, दृष्टी अधू झाली. १४ एप्रिल १४३३ रोजी तिचे देहावसान झाले, तोपर्यंत अंथरुणाशी तिची सुमारे ३८ वर्षे सरली होती, बेथेस्दाच्या रुग्णाइतकीच. ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ या ग्रंथामुळे आपल्याला परिचित असलेल्या थॉमस केम्पिस यांनी तिचे चरित्र लिहिले. १४९८ साली छापलेल्या तिच्या दुसऱ्या एका चरित्रात तिच्या पडण्याचे काष्ठचित्र आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९० साली तिच्या संतपदावर शिक्कामोर्तब केले.

१९७९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रश्न उपस्थित करण्यात आला की, एम. एस. चा इतिहास चौदाव्या शतकापर्यंत मागे जातो काय? प्रश्नाचा रोख लिडविनाकडे होता. तरुण वयात सुरुवात, चालण्यातील दोष, दृष्टीचा बिघाड, मधूनमधून उतार आणि पुन्हा वाढ, ही लक्षणे जुळतात. पाच-सहा शतकांपूर्वीच्या रुग्णाचे निदान छातीठोकपणे कोणी करू शकत नाही. तरीही या रोगाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण आपल्या या संत भगिनीपासूनच आरंभ करतात.

तिच्या चरित्रातून आपण सहनशीलतेचा धडा घेतो. तो घ्यावाच. मात्र चरित्राची एक बाजू आपल्या नजरेतून निसटते. एवढी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला कोणीतरी पाणी पाजले असेल, कूस बदलून दिली असेल, तिच्या जखमा धुतल्या असतील. तिच्या संतत्वाच्या पाठीशी अशी कितीतरी निनावी माणसे उभी होती.

रोजनिशी आणि नामकरण

व्याधीला नाव नसले की रुग्णाचा एकांत अधिक गडद होतो. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू ऑगस्टस देस्ते यांच्या रोजनिशीत हे लख्ख दिसते. १८२२ च्या डिसेंबरात ते एका प्रिय आप्ताला भेटण्यासाठी स्कॉटलंडला गेले. पोहोचण्यापूर्वीच त्या आप्ताचे निधन झाले होते. दफनविधीनंतर त्यांच्या लक्षात आले की, पत्रे वाचण्याएवढेही आपल्याला दिसत नाही. काही काळाने दृष्टी परत आली. पुढे पाय गेले, तोल गेला, चाकांची खुर्ची आली. वैद्यांनी कधी स्नाने सांगितली, कधी भरपूर मांसाहार व मद्य सांगितले. १८४८ साली ते निवर्तले. राजघराण्याचा पैसा व नामांकित वैद्य हाताशी असूनही आपल्याला नेमके काय झाले आहे हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. त्यांची रोजनिशी १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा वाचणाऱ्या डॉक्टरांनी ही व्याधी ओळखली.

१८३० च्या दशकात स्कॉटलंडचे रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रान्सचे झां क्रूव्हेल्ये यांनी मज्जारज्जूवरील करडे डाग चित्रित केले होते. त्या डागांची सांगड जिवंत रुग्णांच्या लक्षणांशी घातली ती झां-मार्तें शार्को यांनी. पॅरिसच्या सॅलपेट्रिएर रुग्णालयात हजारो गरीब स्त्रिया वर्षानुवर्षे राहत असत. शार्को त्यांना हयातीत तपासत आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूचे व मज्जारज्जूचे निरीक्षण करीत. १८६८ साली त्यांनी या रोगाचे स्पष्ट वर्णन केले व त्याला नाव दिले. उपचार म्हणून त्यांनी सोने, जस्त व चांदी यांचे क्षार, एवढेच नव्हे तर कुचल्याचे विषही वापरून पाहिले. कशाचाही उपयोग झाला नाही. नाव मिळाले, औषधासाठी मात्र आणखी सव्वाशे वर्षे जावयाची होती.

एका बहिणीची जाहिरात

१ मे १९४५ रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत चार ओळी झळकल्या. मल्टिपल स्क्लेरोसिसमधून कोणी बरे झाले असल्यास त्यांनी कृपया रुग्णाशी संपर्क साधावा, असा त्यांचा आशय. जाहिरात दिली होती सिल्व्हिया लॉरी या तरुणीने. तिचा भाऊ बर्नार्ड या रोगाने खचत चालला होता आणि प्रत्येक डॉक्टर हात टेकत होता.

पन्नासहून अधिक पत्रे आली. त्यांत बऱ्या झालेल्या माणसाचे एकही नव्हते. सर्व पत्रे रुग्णांची व त्यांच्या आप्तांची. कोणी बरा झाल्याचे कळल्यास आम्हालाही कळवा, एवढीच सर्वांची विनवणी. दुसरे कोणी निराश होऊन ती पत्रे मिटून ठेवली असती. सिल्व्हियाने त्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक समाज पाहिला. तिने पत्रलेखकांना एकत्र केले, नामांकित शास्त्रज्ञांची दारे ठोठावली आणि १९४६ साली संस्था उभी केली. हीच पुढे अमेरिकेची नॅशनल मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. संस्थेचे पहिले संशोधन-अनुदान कोलंबिया विद्यापीठाच्या एल्विन कॅबट यांना मिळाले. रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात रोगप्रतिकारक प्रथिने वाढलेली असतात, हे त्यांच्या कार्यातून पुढे आले. ही बाब निदानासाठी आजही उपयोगी पडते.

एवढ्यावर सिल्व्हिया थांबली नाही. ज्यांच्या कन्येला हा रोग जडला होता, ते सिनेटर चार्ल्स टोबी यांच्या साहाय्याने सरकारनेही या क्षेत्रात उतरावे असा आग्रह तिने धरला. १९५० साली अमेरिकी सरकारने मज्जासंस्थेच्या रोगांसाठी राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन केली, त्यात या प्रयत्नांचा मोठा वाटा होता. १९६७ साली विविध देशांतील एम. एस. संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघही उदयास आला. बर्नार्डला मात्र यातून बरे होणे लाभले नाही. पहिले औषध येण्यापूर्वीच तो वारला. त्याची बहीण पुढेही काम करीतच राहिली.

पैशांचा ओघ आणि पावलांचा ओघ

संशोधनाला पैसा लागतो. तो धनिकांकडूनच यावा असा पूर्वापार समज होता. तो समज मोडला पोलिओच्या लढ्याने. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना स्वतःला या आजाराने अपंगत्व आले होते. त्यांच्या प्रेरणेने १९३८ साली स्थापन झालेल्या प्रतिष्ठानासाठी अमेरिकी जनतेने दहा सेंटची नाणी पाकिटांत घालून थेट व्हाइट हाउसकडे लाखोंनी पाठवली. १९५५ साली साल्क यांची लस यशस्वी ठरली, ती या नाण्यांच्या बळावर. विधवेच्या दोन दमड्यांचे मोल प्रभूने मंदिरात ओळखले होते. विसाव्या शतकात ते विज्ञानालाही उमगले.

पुढे नाण्यांच्या जोडीला पावले आली. १९६९ साली अमेरिकेतील बिस्मार्क या शहरात भुकेल्यांच्या साहाय्यार्थ ख्रिस्ती मंडळींची पदयात्रा निघाली आणि तिचा कित्ता गावोगावी गिरवला गेला. १९७० पासून पोलिओचे तेच जुने प्रतिष्ठान नवजात बालकांच्या आरोग्यासाठी पदयात्रा काढू लागले. रीत साधी होती. चालणाऱ्याने शेजारीपाजारी, आप्तेष्ट व सहकारी यांच्याकडे जावे, आपण अमुक मैल चालणार आहोत, आपण मैलामागे काय द्याल, असे विचारावे आणि चालून झाल्यावर रक्कम गोळा करून संस्थेकडे भरावी. एम. एस. सोसायटीने १९८० साली सायकलफेरी व १९८८ साली पदयात्रा सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी शेकडो ठिकाणी ही पदयात्रा निघत आली आहे. तीत रुग्णही असतात. कोणी काठी टेकत, कोणी चाकांच्या खुर्चीत, कोणी शंभर पावले चालून बाकावर विसावणारे.

येथे श्रद्धावंताच्या मनात शंका येईल. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, दान करताना कर्णा वाजवू नये, ही प्रभूची शिकवण. मग एकसारखे सदरे घालून, फलक उंचावून केलेले हे दान कितपत योग्य? शंका रास्त आहे आणि ज्याला स्वतःचे छायाचित्र काढून घेण्यासाठी चालायचे आहे त्याने ती मनावर घ्यावी. तथापि, प्रभूचा रोख दात्याच्या मिरवण्यावर आहे. ज्या रोगाचा रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो, ज्याच्या थकव्याला लोक आळस म्हणतात आणि ज्याच्या झोकांड्या पाहून मद्यपानाचा संशय घेतात, त्याच्यासाठी उघडपणे रस्त्यावर येणे यात निराळेच दान आहे. आपण एकटे नाही हे त्याला त्या दिवशी दिसते. छप्पर उकलणाऱ्या चौघांनीही ते काम भरगर्दीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत केले होते.

संशोधनाची फळे

१९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी चुंबकीय प्रतिमातंत्राने, म्हणजे आज आपण ज्याला एम. आर. आय. म्हणतो त्याने, जिवंत रुग्णाच्या मेंदूतील हे वण दाखवले. शार्को यांना ज्यासाठी मृत्यूची वाट पाहावी लागे, ते आता काही मिनिटांत दिसू लागले. १९९३ च्या जुलैत बीटा-इंटरफेरॉन या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने रोग बरा होत नसे, पण झटक्यांची संख्या घटत असे. मागणी एवढी आणि साठा इतका अपुरा की, औषध कोणाला आधी द्यावे यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. सिल्व्हियाच्या जाहिरातीला तेव्हा ४८ वर्षे झाली होती. २००१ साली ती निवर्तली; तिने पहिले औषध डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर मार्ग रुंदावत गेला. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील मायकल सेला, रुथ आर्नोन व द्वोरा टाइटलबाउम यांच्या संशोधनातून निघालेल्या ग्लॅटिरॅमरला १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. वाटेत ठेचाही लागल्या. २००४ साली मान्य झालेले नॅटॅलिझुमॅब हे प्रभावी औषध मेंदूच्या जीवघेण्या संसर्गामुळे २००५ साली मागे घ्यावे लागले आणि २००६ साली कडक देखरेखीखाली परत आणले गेले. प्रारंभापासून सावकाश वाढत जाणाऱ्या प्रकारावर पहिले मान्य औषध, ऑक्रेलिझुमॅब, २०१७ साली आले.

सर्वांत महत्त्वाचे वृत्त जानेवारी २०२२ मधील. अमेरिकी सैन्यदलांतील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे हार्वर्डच्या संशोधकांनी २० वर्षांचा मागोवा घेतला. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एम. एस. होण्याचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो, असे त्यांना आढळले. नमुने उपलब्ध असलेल्या ८०१ रुग्णांपैकी केवळ एकाला रोग सुरू होण्यापूर्वी या विषाणूची लागण झालेली नव्हती. हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना एम. एस. होतो, म्हणजे इतर कारणेही असलीच पाहिजेत. तरीही लस व प्रतिबंध यांच्या दिशेने एक दार किलकिले झाले आहे. या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्यांत दोन नावे होती: सिल्व्हियाने उभारलेली संस्था आणि तिच्या आग्रहातून साकारलेली ती सरकारी संशोधन संस्था. चार ओळींच्या जाहिरातीला ७७ वर्षांनी आलेले हे आणखी एक उत्तर.

आपल्या अंगणात

हा थंड देशांचा रोग, आपल्याकडे तो नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. निदानाची साधने आली तशी ही समजूत डळमळली. मुंबईच्या पारशी समाजात हा रोग आढळत असल्याचे निरीक्षण १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९८५ साली, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत स्थापन झाली होती. पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत या रोगाचे नाव आहे, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. महागड्या औषधांची चिंता खरी आहे. परंतु जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगावरील तीन औषधे प्रथमच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्यांतील रिटुक्सिमॅब २००७ पासून भारतातही तयार होत आहे. दरवर्षी ३० मे हा जागतिक एम. एस. दिन म्हणून पाळला जातो.

पायी चालणे आपल्याला नवे नाही. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने आपण चालतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला भाविक मैलोन्‌मैल चालत जुन्या गोव्याला जातात. वसईच्या रमेदी मातेचे नावच उपायाचे, औषधाचे आहे. नवस फेडण्यासाठी जी पावले चालतात, ती दुसऱ्याच्या औषधासाठीही चालू शकतात.

त्याआधी एक गोष्ट मात्र घरातच व्हावयास हवी. आपल्याकडे आजार लपवला जातो. मुलीचे लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, कोणी करणी केली म्हणतील, या भयाने तरुण रुग्णाला खोलीत बसवले जाते आणि ही देवाची इच्छा, सोस, असे सांगितले जाते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या ‘साल्व्हिफिची दोलोरिस’ या प्रेषितीय पत्रात मानवी दुःखाचे ख्रिस्ती मोल विशद केले. त्याच पत्राच्या उत्तरार्धात त्यांनी दयाळू शोमरोनी माणसाला आपल्यासमोर उभे केले. स्वतःचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडावे, आणि दुसऱ्याच्या दुःखापाशी थांबून त्याला हात द्यावा, ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी एकत्र शिकवली. रुग्णाला केवळ पहिले कर्तव्य सांगून आपण दुसऱ्यातून मोकळे होऊ शकत नाही.

कोणा तरुण व्यक्तीची दृष्टी एकाएकी अधू झाली, पाय बधिर झाले, तोल जाऊ लागला, तर विलंब न लावता मज्जासंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे. लवकर सुरू झालेला उपचार पुढील पुष्कळ हानी टाळतो. निदान झालेल्या घरी जाताना सल्ल्यांचे गाठोडे घराबाहेर ठेवावे आणि मिस्साबलीला नेण्याआणण्याची, रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्याची, अपंगत्वाचा दाखला मिळवून देण्याची तयारी घेऊन जावे. उपवासकाळातील संयमातून वाचलेली रक्कम कोणाला द्यावी हा प्रश्न दरवर्षी पडतो. तिचा एक वाटा औषधाला जावा. आणि संस्थेची पदयात्रा निघालीच, तर आपल्या युवक-युवतींनी तीत सामील व्हावे.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी प्रभूने त्या एकाकी माणसाला स्वतःच बरे केले. कफर्णहूमला त्याने चौघांना वाटेकरी करून घेतले. आपल्या धर्मग्रामात त्या तळ्याकाठच्यासारखा कोणी पडून आहे काय, हे पाहणे आपल्या हाती आहे. बाज उचलायला चौघे लागतात. पहिल्याने पुढे यावे, उरलेले तिघे मिळतील.